बेड नंबर शून्य

२ फेब्रुवारी, सोमवार

विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगते, रोज लिहा, स्वतःकडे त्रयस्थपणे बघायला शिका. मनोरुग्णांची सेवा करणाऱ्या नर्सने दुसऱ्याच्या मनात डोकावण्याआधी स्वतःच्या मनातला केर काढलेला असावा. आज वर्गात आमच्या पोपटाने हात वर केला. पोपट म्हणजे पहिल्या बाकावरची हुशार मुलगी, पाठ्यपुस्तक घोटून प्यायलेली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही लिहिता का?" सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघू लागला. "म्हणजे काय, रोज!" असं ठणकावून सांगितलं आणि घरी येताना ही वही घेतली.

तर आजची बातमी. रुग्णालयाने आमच्या विद्यार्थ्यांना वॉर्डबंदी केली आहे. एका वेळी फक्त तिघांना सोडणार. कारण काय, तर पेशंटांनी तक्रार केली. गेल्या महिन्यात आमचे वीसच्या वीस जण एकापाठोपाठ एकाच आजोबांना "आज कसं वाटतंय?" विचारून आले. शेवटी आजोबा म्हणाले, "सकाळी बरं वाटत होतं." वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर मला म्हणाल्या, "मॅडम, आमचे पेशंट आजाराने येतात आणि तुमच्या अभ्यासक्रमाने अंथरूण धरतात."

पण मार्चअखेर प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि मुलांना बोलायला पेशंट हवा. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे प्राचार्या, कधी अडत नाहीत. म्हणाल्या, "पेशंट मिळत नसेल तर आपण बनवू. तुम्हीच व्हा. शाळेत नाटकात होतात ना?"

होते. सैनिक क्रमांक दोन. एकच वाक्य होतं, "महाराज, शत्रू आला!" तेही मी शत्रू येऊन महाराजांना मारून गेल्यावर म्हटलं होतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

बोळाच्या टोकाला चादरी ठेवायची खोली होती, तिचा वॉर्ड झाला. एक लोखंडी पलंग, एक सलाइनचा स्टँड, मधोमध पडदा. पडद्याच्या एका बाजूला मी आणि बोलणारा विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला उरलेला वर्ग कान टवकारून. पलंगावर आजवर आमची रबरी डमी झोपायची. तिला टोचून टोचून कितीतरी पिढ्या इंजेक्शन शिकल्या. आता ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत असते. तिची जागा घेतली म्हणून राग असावा. दारावर कुणीतरी पाटीसुद्धा लावली, 'बेड नंबर शून्य'.

पेशंट मी काल पहाटे बसून तयार केली. वय एक्कावन्न. ऑफिसात हिशेबाचं काम. नवरा निवृत्त, मुलगी लांब. आजार नैराश्य. मोठ्या बाई म्हणाल्या, "वय तुमचंच ठेवलंत?" म्हटलं, तोंड माझंच राहणार, मग वय कुठून बदलू?

लक्षणं अशी. पहाटे चारच्या आत जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही. जेवण म्हणजे कागद चावणं. आंघोळीला जायचं तर आधी पलंगावर बसून मनाची तयारी करावी लागते. कुणी हाक मारली तर शेजारच्या घरात कुणालातरी मारल्यासारखी वाटते. हे शेवटचं कुठल्याच पुस्तकात नाही, माझं मला सुचलं. आणि इतकं झरझर सुचलं की स्वतःचंच कौतुक वाटलं.

पहाटेचा वेळ लिहायला बरा असतो. मी हल्ली चारला उठतेच. यांच्या घोरण्यापुढे माणूस झोपणार कसा?

९ फेब्रुवारी, सोमवार

आज पहिला सराव. देवा रे.

पोपट समोर बसली, पुस्तकात लिहिलंय तेवढीच पुढे झुकली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणता, की तुम्हाला भूक लागत नाही. म्हणजे मला असं समजतंय, की तुम्हाला भूक लागत नाही." याला म्हणतात पेशंटचं बोलणं त्याला परत ऐकवण्याचं तंत्र. तंत्र बरोबर होतं. दहापैकी नऊ दिले. फक्त एक शंका आली, की हे काम खोलीतल्या भिंतीही करतात.

मग एक मुलगा आला. मी "काहीच नकोसं वाटतं" म्हटलं तर स्वतःच रडायला लागला. त्याची समजूत काढण्यात माझी दहा मिनिटं गेली. त्यानंतरची "सगळं छान होईल हो काकू" म्हणाली. खोटा दिलासा, तीन गुण कापले. एकाने मला पहाटे उठून पळायला जायचा सल्ला दिला. त्याला काय माहीत, पहाटे उठलेलीच असते ती बाई!

शेवटी घुमी. मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसणारी. हजेरीलासुद्धा "हं" म्हणणारी. तोंडात मिठाची गुळणी धरून जन्माला आली असावी. ती आली, खिडकीतलं ऊन माझ्या डोळ्यांवर येत होतं, तिथे आपली खुर्ची ओढून उन्हाच्या आड बसली. आणि गप्प. मी एक वाक्य टाकलं, दुसरं टाकलं. ती बघत राहिली. वेळ संपायला आली तेव्हा म्हणाली, "पाणी?"

दहापैकी दोन. दोन हे पाण्याचे.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज तो प्रश्न शिकवला. या विषयात सगळ्यांत अवघड तोच. नैराश्याच्या पेशंटला जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारायचं. आडून नाही, कुजबुजत नाही, "काही वाईटसाईट विचार येतात का" असं तर मुळीच नाही. विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, उलट माणसाचा जीव हलका होतो. आणि उत्तर "हो" आलं तर दोनच गोष्टी. एक, पेशंटला एकटं सोडायचं नाही. दोन, वरिष्ठांना तिथल्या तिथे कळवायचं. बाकी सगळं मागाहून.

मुलांच्या तोंडून शब्द फुटेनात. मग बोळात ओळीने उभं केलं आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणायला लावलं. वीस जण भिंतीला विचारताहेत, "तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?" वरच्या मजल्यावरचा कारकून जिना उतरून आला आणि म्हणाला, "मॅडम, हे जेवणाच्या सुट्टीनंतर विचारत जा. सकाळी खरी उत्तरं येतात."

घरी येऊन यांना सांगितलं तर हे हसले नाहीत. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा कसलासा नकाशा काढत बसले होते. निवृत्त झाल्यापासून यांना टाकी पुरते. मला विचारलं, "तू जेवलीस का?" म्हटलं, डाएट. परकराच्या नाड्या किती आत आवळाव्या लागतात बघा! लेकीने परवा व्हिडिओ कॉलवर तोंड भरून कौतुक केलं, "आई, किती बारीक झालीस, मस्त दिसतेस!"

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रश्नाचा सराव. बाकीच्यांनी त, त, प, प केलं. पोपटाने मात्र तिकिटाच्या खिडकीवरून विचारावं तसं खणखणीत विचारलं, "तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?"

मी "हो" म्हणाले.

ती म्हणाली, "छान. आता आपण झोपेबद्दल बोलू."

तंत्रात चूक नव्हती, आवाज उत्तम, डोळ्याला डोळा. "छान"बद्दल अर्धा गुण कापला. आणि पुढची पायरी विसरली म्हणून एक. तरी साडेआठ.

एक मात्र लिहून ठेवते. ते "हो" म्हणताना फार हलकं वाटलं. भर दिवसा, वीस लोकांसमोर, कुणाला काही स्पष्टीकरण न देता. भूमिकेत शिरणं म्हणतात ते हेच असणार.

घुमीने प्रश्न विचारलाच नाही. नंतर तिला खडसावलं तर खाली बघत म्हणाली, "मॅडम, विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. पडद्यामागे सगळे होते." एवढं लांब वाक्य तिने तीन वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं आणि तेही बिनकामाचं. शून्य.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

माझी कीर्ती पसरली आहे. मानसोपचार विभागाचे मोठे डॉक्टर आज बघायला आले. पडद्याशी उभे राहून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "काय चेहरा ठेवलाय! काय ते थांबून थांबून बोलणं! आमच्या वॉर्डातही इतकं अस्सल बघायला मिळत नाही." त्यांच्या शिकाऊ डॉक्टरांनाही मला दाखवणार आहेत. मोठ्या बाईंनी तर पुढच्या तपासणी समितीसाठी माझं शूटिंग करायचं ठरवलं.

आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट कष्ट न घेता जमते आहे. अकरा ते एक मी पलंगावर असते तेव्हा बरी असते. त्रास होतो तो एकनंतर. उठायचं, केस नीट करायचे, हसून कॉरिडॉरमधून चालायचं. हे सगळं अंगावर येतं. कलावंतांना प्रयोगानंतर थकवा येतो असं ऐकलं होतं, तसंच असेल.

शब्दकोडी साठली आहेत. पूर्वी चहाच्या आत एक सोडवायची. हल्लीचे कोडी करणारे लोक फार भिकार, एकाही कोड्यात जीव रमत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

घुमी लाच द्यायला लागली आहे. रोज माझ्या टेबलावर एक केळं. नाव नाही, गाव नाही, पण ती ठेवताना मी पाहिलं. आज विचारलं, "हे काय चाललंय?" तर म्हणते, "त्या बेडवरच्या बाई जेवल्या का आज?"

म्हटलं, "त्या बाई अकरा ते एक असतात. एकनंतर मी असते."

"बरं," म्हणाली. आणि तिथेच उभी. शेवटी केळं सोलून दोन घास खाल्ले तेव्हा गेली. गुणांसाठी लोक काय काय करतात! केळ्याला चव नव्हती. तिला फळं घेता येत नाहीत.

५ मार्च, गुरुवार

आता बसथांब्यापर्यंतसुद्धा सोबत येते. मी तीनदा सांगितलं, मला वाट माहीत आहे. ती "हं" म्हणते आणि येते. बोलत काहीच नाही. बस आली की मी चढेपर्यंत थांबते. आज मी मुद्दाम दोन बसेस सोडल्या, बघू म्हटलं किती टिकते. टिकली. तिसऱ्या बसला मीच शरमून चढले.

खरं सांगायचं तर पहिली बस सोडली ती तिची परीक्षा बघायला नाही. चढावंसं वाटेना. घरी तरी जाऊन काय करायचं होतं?

हे वर का लिहिलं कोण जाणे. खोडत नाही, त्रयस्थपणे लिहायचं ठरलंय.

९ मार्च, सोमवार

मोठ्या बाईंनी सगळ्यांना ताणमुक्तीवर व्याख्यान दिलं. दोन तास. मधे तीन वेळा फोनवर कुणावर तरी ओरडून आल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! मी मागे बसून मनात इतकी हसले. आपल्या नाकाखाली काय जळतंय ते या शिकलेल्या माणसांना कसं दिसत नाही?

१७ मार्च, मंगळवार

शूटिंग झालं. शूटिंग करणारा बाहेरचा माणूस, त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं. संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, औषधं वेळेवर घेता ना?" सगळे पोट धरून हसले. मीसुद्धा. मोठे डॉक्टर म्हणाले, "ही खरी पावती!"

घरी पोचल्यावर पायातल्या चपला काढायच्या होत्या. काढायला खुर्चीत बसले. हे दिवा लावायला आले तेव्हाही चपला पायातच होत्या.

२४ मार्च, मंगळवार

आज परीक्षा झाली. जमेल तसं क्रमाने लिहिते.

बाहेरगावचे परीक्षक आले, हातात घंटा. प्रत्येकाला दहा मिनिटं, घंटा वाजली की संपलं. परीक्षक पडद्याच्या आत कोपऱ्यात, डमीशेजारच्या खुर्चीत बसले. दोघांच्या चेहऱ्यावरचा भाव साधारण सारखा होता. पडद्याबाहेर मोठ्या बाई, मोठे डॉक्टर आणि वर्ग. सकाळपासून मी एकोणीस वेळा उदास झाले. पोपटाने या वेळी "छान" म्हटलं नाही, "हो" ऐकल्यावर नियमाप्रमाणे परीक्षकांकडे वळून "सर, कळवते" म्हणाली आणि सर्वांत जास्त गुण घेऊन गेली.

शेवटी घुमी. मी मनात म्हटलं, बाई गं, आज तरी तोंड उघड, नाहीतर वर्ष जाईल.

तिने तोंड उघडलं. परीक्षकांना म्हणाली, "सर, बाहेर थांबता का? खासगी बोलायचंय." त्यांनी खूश होऊन कागदावर खूण केली, गोपनीयता उत्तम, आणि पडद्याबाहेर गेले. तेवढ्यावर न थांबता घुमीने सगळ्यांनाच खोलीबाहेर काढलं. लोक गेलेसुद्धा, काहीतरी नवीन तंत्र असेल म्हणून. तिने दार लावलं. डमीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग खुर्ची ओढून उन्हाच्या आड बसली.

मी सुरुवात केली, "झोपच लागत नाही हो, ऑफिसात हिशेब..."

"मॅडम," ती म्हणाली.

"मी मॅडम नाही, मी ऑफिसात..."

"मॅडम, तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?"

भिंतीला विचारतात त्या आवाजात नाही. चहात साखर घालू का, असं विचारावं तितक्या साधेपणाने.

मला पुढचं वाक्य आठवेना. महिनाभर रोज म्हटलेलं वाक्य. किती वेळ गेला माहीत नाही. तिने घाई केली नाही. गप्प कसं बसावं हे तिला येतं, एवढं मला कबूल करावंच लागेल. मग मी "हो" म्हणाले. पोपटाला म्हटलं होतं तसं हलकं नव्हतं ते. पोटातून वर ओढून काढावं लागलं, आणि त्यामागोमाग रडू आलं ते थांबेचना. तिने पाणी दिलं. माझा हात ग्लासासकट धरून ठेवला.

घंटा वाजली. घुमी उठली नाही. पुन्हा वाजली. मग कुणीतरी दार ठोठावलं. तिने जागचं न हलता ओरडून सांगितलं, "पेशंट हो म्हणाल्यात. एकटं सोडता येणार नाही. डॉक्टरांना आत पाठवा."

दार उघडलं. मोठे डॉक्टर आले, वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अप्रतिम! डोळ्यांतून पाणीसुद्धा!" आणि त्यांनी टाळी वाजवली. मग मोठ्या बाईंनी. मग परीक्षकांनी, घंटा काखेत धरून. मग सगळ्या वर्गाने.

आणि मी काय केलं? पदराने डोळे पुसले, पलंगावरून उतरले आणि प्रयोग संपल्यावर नट करतात तसं वाकून सगळ्यांना अभिवादन केलं.

एकट्या घुमीने टाळी वाजवली नाही. ग्लास हातात धरून म्हणाली, "मॅडम, सांगा ना त्यांना."

मी म्हणाले, "छान केलंस हं. पण ही परीक्षा आहे."

ती तरी हलेना. परीक्षक म्हणाले, "अगं, या तुमच्या मॅडम आहेत!" ती म्हणाली, "हो, त्यांनाच एकटं सोडता येणार नाही." तिला दंडाला धरून बाहेर काढावं लागलं. परीक्षकांनी नापास केलं. शेरा लिहिला, 'अभिनय आणि वास्तव यांतला फरक समजत नाही.' मनोरुग्णसेवेच्या परीक्षेत असा शेरा मिळालेल्या मुलीला कुठलं रुग्णालय दारात उभं करणार?

२५ मार्च, बुधवार

माझा काय दोष? तिने नियम मोडला. परीक्षकांनी शेरा दिला. मी तिथे पेशंट होते, परीक्षक नव्हते.

संध्याकाळी निघाले तर फाटकाशी घुमी उभी. नापास झालेली. आता माझ्याकडून मिळण्यासारखं तिला काही उरलेलं नाही, हे तिलाही कळत असणार. तरी बसथांब्यापर्यंत चालत आली. मी म्हटलं, "आता कशाला येतेस?" ती म्हणाली, "हो म्हणाल्यावर एकटं सोडायचं नाही. तुम्हीच शिकवलंत."

बसमध्ये पूर्ण वाटभर मी त्या केळ्यांचा विचार करत होते.

२८ मार्च, शनिवार

पहाटे पलंगाच्या कडेला बसले होते. यांचं घोरणं चालू होतं. मी सहज म्हटलं, म्हणजे तोंडातून निघून गेलं, "त्या पेशंटचं सगळं माझंच आहे."

घोरणं एकदम थांबलं.

"माहीत आहे," हे म्हणाले.

म्हणजे हे जागे! म्हटलं, "मग घोरत कोण होतं?"

"मीच. तुला वाटू नये की मी बघतोय, म्हणून. तू चारला उठतेस, मीही उठतो. काय विचारावं ते कळत नव्हतं गं." हे अंधारातच उठून बसले. "तू तर त्यातली शिकलेली. मी काय विचारणार तुला? म्हणून जेवलीस का, एवढंच विचारत होतो."

इतके महिने मी यांच्या घोरण्यावर सगळं ढकलत होते आणि हे घोरण्याचं नाटक करत माझी राखण करत होते. माझ्यापेक्षा हे चांगले नट निघाले. यांना कुणी टाळी दिली नाही. दोघं उजाडेपर्यंत रडलो, मग यांनी चहा केला. अतिगोड झाला होता. गोड लागला, हे महत्त्वाचं.

३० मार्च, सोमवार

निकालपत्रकावर अंतर्गत परीक्षक म्हणून माझी सही लागते. मोठ्या बाईंनी पुढ्यात ठेवलं आणि नेमक्या जागेवर बोट ठेवलं. घुमीच्या नावापुढे तो शेरा.

मला माहीत होतं, सही केली तर या मुलीचं वर्ष, नाव, सगळं जाईल आणि मी उद्यापासून पुन्हा उत्तम नटी. नाही केली तर कारण लिहावं लागेल. शेऱ्याखाली लिहिलं, 'विद्यार्थिनीचं निदान बरोबर आहे. पेशंट खरी होती.' आणि त्याखाली सही केली.

मोठ्या बाई म्हणाल्या, "ही काय थट्टा?" म्हटलं, थट्टा महिनाभर चालली होती, आज थांबली. त्या मटकन खाली बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, मग ते शूटिंग आता समितीला कसं दाखवायचं?"

मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मला शंका होतीच." एवढं ऐकून मला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खरं हसू आलं. ते बिचारे नंतर अर्धा तास माझ्यासमोर अवघडून बसून राहिले, आणि जाताना "माफ करा" म्हणाले. ते मात्र त्यांना पुस्तकातून आलं नाही.

परीक्षकांना फोन लावला. त्यांनी मला माझं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पेशंट खरी असेल, तर मुलीने एकही पायरी चुकवली नाही. पैकीच्या पैकी द्यावे लागतील." वर म्हणाले, "पण पेशंटला मॅडम म्हणाली, त्याचा अर्धा गुण कापतो." कापा म्हटलं. घंटा तर वाजलीच पाहिजे.

पोपट दुपारी स्टाफरूमच्या दाराशी आली. डोळे सुजलेले. "मॅडम, त्या दिवशी तुम्ही हो म्हणालात आणि मी..." तिला आत घेतलं, जवळ बसवलं. पहिल्यांदाच ती काहीही परत न ऐकवता बसून राहिली. हिचीही चांगली नर्स होईल.

२ एप्रिल, गुरुवार

बाह्यरुग्ण विभाग, मानसोपचार. वीस-बावीस वर्षं या बाकांवर मी विद्यार्थ्यांना बसवत आले. बाक इतका टणक आहे हे आज कळलं. एका बाजूला हे, मांडीवर डबा घेऊन, कारण डॉक्टरांकडे उशीर झाला तर माझी जेवणाची वेळ चुकायला नको. दुसऱ्या बाजूला घुमी. तिचा निकाल लागला, पहिलं पोस्टिंग याच रुग्णालयात आहे. मी म्हटलं, "अभिनंदन." ती म्हणाली, "हं."

मोठ्या डॉक्टरांना नको म्हणून सांगितलं होतं. नव्या लागलेल्या डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांना माझी कीर्ती ठाऊक नव्हती. खोलीत शिरल्यावर घुमीने आधी खिडकीकडे बघितलं, मग खुर्ची ओढून ऊन अडवून बसली.

डॉक्टरीणबाईंनी नाव, वय लिहून घेतलं. झोप विचारली. भूक विचारली. मग पेन खाली ठेवून तो प्रश्न विचारला, स्पष्ट, जसा मी भिंतीकडे तोंड करून विचारायला शिकवते तसा.

मी "हो" म्हणाले.

खोलीत कुणी "छान" म्हणालं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची टेबलाच्या पलीकडून उचलून माझ्याजवळ आणली, आणि यांनी डबा खाली ठेवून माझा हात धरला.